शेपटीने जिंकलेल्या मोटारी

२८ एप्रिल १९४० रोजी उत्तर इटलीत सार्वजनिक रस्त्यांवर एक मोठी मोटारशर्यत झाली. ब्रेशिया, क्रेमोना आणि मांतुआ या तीन शहरांना जोडणारा सुमारे १६५ किलोमीटरचा त्रिकोण आणि त्याच्या नऊ फेऱ्या. पहिली आली ती बीएमडब्ल्यूची बंद छताची, दोन दारांची, दोन लीटर इंजिनाची लहानशी मोटार. हुशके फॉन हानस्टाइन आणि वाल्टर बॉइमर या चालकांनी ती नऊ तासांच्या आत, ताशी सरासरी १६६.७ किलोमीटर वेगाने शेवटापर्यंत नेली. बेळगावहून मुंबईला जायचे, तसेच परत फिरायचे आणि पुन्हा मुंबई गाठायची, जवळजवळ एवढे हे अंतर. अडीच लीटर इंजिनाची, आपल्याच देशातल्या रस्त्यांवर धावणारी अल्फा रोमियो दुसरी आली, पण सुमारे पंधरा मिनिटे मागे.

लहान इंजिनाच्या मोटारीने मोठ्या इंजिनाच्या मोटारीला एवढ्या फरकाने मागे टाकले. यात चालकांचे कौशल्य होतेच, पण निम्म्याहून अधिक श्रेय मोटारीच्या अंगाचे होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात अशा बंद, गोलाकार, मागे निमुळत्या होत गेलेल्या मोटारी खास लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी घडवल्या गेल्या. त्यांना कूपे म्हणतात. दिसायला त्या आजही देखण्या आहेत आणि त्यांच्याबद्दलचे बहुतेक लिखाण त्या देखणेपणातच अडकून पडते. त्यांच्या अंगाची प्रत्येक वळणरेषा मात्र एका हिशेबातून आली होती. तो हिशेब कळायला फार गणित लागत नाही.

आपल्याच निपाणी-बेळगाव महामार्गापासून सुरुवात करू. निपाणी सोडली की तवंदी घाट, मग संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी घाट, काकती आणि बेळगाव. या रस्त्यावर मोटार चालली की ती सतत हवा बाजूला सारत असते. हवेला वजन नसते असे आपण धरून चालतो, पण समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. बेळगाव अडीच हजार फूट उंचीवर असल्याने इथे ती थोडी हलकी, इतकेच. समोरून दोन चौरस मीटर दिसणारी मोटार ताशी १६० किलोमीटरने धावली तर दर सेकंदाला शंभर किलोच्या आसपास हवा तिला वाटेतून हलवावी लागते. तासन् तास, न थांबता.

हे काम वेगाबरोबर कसे वाढते, ते महत्त्वाचे. वेग दुप्पट केला की हवेचा दाब चौपट होतो, कारण दर सेकंदाला दुप्पट हवा समोर येते आणि ती प्रत्येक वेळी दुप्पट वेगाने बाजूला ढकलावी लागते. शिवाय हा चौपट दाब दुप्पट वेगाने ढकलत न्यायचा असल्याने इंजिनाला लागणारी ताकद आठपट होते. वेगाच्या घनाने ताकद लागते, असे हे सूत्र. यात मोटारीच्या बाजूने दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि दुसरी म्हणजे आकार. आकाराचे माप एका आकड्याने सांगतात, त्याला रोधगुणांक म्हणू. उभा रेडिएटर, सुटी मडगार्डे, बाहेर काढलेले हेडलाइट आणि फूटबोर्ड असलेल्या त्या काळच्या नेहमीच्या मोटारीचा रोधगुणांक ०.६ ते ०.७ असे. नीट घडवलेल्या कूपेचा ०.३५ च्या आसपास येई.

आता आकडे घालून पाहू. दोन चौरस मीटर चेहऱ्याची, ०.६५ गुणांकाची उभी मोटार ताशी ८० किलोमीटरला केवळ हवेवर सुमारे साडेअकरा अश्वशक्ती खर्च करते. हे काही जड नाही. पण तीच मोटार १६० वर न्यायची तर ९० हून अधिक अश्वशक्ती लागते. १.६ चौरस मीटर चेहऱ्याच्या, ०.३५ गुणांकाच्या कूपेला त्याच १६० च्या वेगाला ४० अश्वशक्ती पुरते. गावातल्या गावात फिरताना या आकाराचा काही उपयोग नाही. लांब, मोकळ्या रस्त्यावर तासन् तास पूर्ण वेगाने धावायचे असेल तेव्हाच तो आपली किंमत वसूल करून देतो. म्हणून या मोटारी टेकडी चढण्याच्या किंवा छोट्या वळणदार शर्यतींतून जन्मल्या नाहीत. त्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीतून आणि ब्रेशिया ते रोम ते ब्रेशिया अशा, सुमारे १,६०० किलोमीटरच्या मिले मिलियातून जन्मल्या. ल माँला तर सहा किलोमीटरच्या आसपास लांबीचा सरळ रस्ताच होता. चोवीस तासांत तो दोनशेहून अधिक वेळा यायचा.

बीएमडब्ल्यूचे उदाहरण या हिशेबात चपखल बसते. तिची उघड्या अंगाची ३२८ ही नेहमीची मोटार ८० अश्वशक्तीवर ताशी दीडशे किलोमीटर गाठत असे. शर्यतीच्या कूपेचे इंजिन तेच १,९७१ घनसेंटीमीटरचे, पण सुधारून १३० च्या आसपास अश्वशक्तीला नेलेले, आणि तिचा कमाल वेग सुमारे २२०. जुन्याच उघड्या अंगाने २२० गाठायचे झाले असते तर घनाच्या सूत्राने २४०-२५० अश्वशक्ती लागली असती. दोन लीटरच्या त्या इंजिनातून एवढी ताकद काढणे त्या काळी अशक्य होते, आणि काढली असती तरी इंजिन नऊ तास टिकले नसते. शंभराहून अधिक अश्वशक्ती पत्र्याच्या आकारातून मिळाली, आणि तिला पेट्रोल लागत नव्हते.

मग आकार कोणता? बहुतेकांना वाटते, पुढून टोकदार असावा म्हणजे हवा कापली जाईल. इथेच सगळे चुकते. पावसाळ्यात यमगर्णीजवळ वेदगंगा किंवा संकेश्वरला हिरण्यकेशी भरून वाहत असताना पुलाच्या खांबाकडे जरा वेळ पाहावे. खांबाच्या पुढच्या बाजूला पाणी फुगते, दुभंगते आणि फार कुरकुर न करता दोन्ही अंगांनी निघून जाते. खरा गोंधळ खांबाच्या मागे असतो. तिथे पाणी गरगरते, उलटे फिरते, फेस आणि काटक्या अडकून बसतात. हवेचेही तेच होते. पुढचा भाग साधारण गोलसर असला तरी पुरे, हवा वाट काढते. हिशेब चुकता होतो तो मागे.

त्याचे कारण सावकाश समजून घेण्यासारखे आहे. मोटारीच्या सर्वांत रुंद, उंच भागावरून जाताना हवेचा वेग वाढलेला असतो आणि दाब कमी झालेला असतो. तिथून मागे हवेला पुन्हा संथ व्हायचे असते आणि दाब पूर्ववत वाढायचा असतो. तो नीट वाढला तर मागची हवा मोटारीला मागून थोडे पुढेच ढकलते आणि समोरच्या दाबाचा बराचसा भाग फिटतो. पण पत्र्याला अगदी चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर घर्षणाने थकलेला असतो. कमी दाबाकडून वाढत्या दाबाकडे जाणे ही त्याच्यासाठी चढण असते. ती चढण सौम्य असेल तर बाजूच्या वेगवान हवेच्या आधाराने तो थर शेवटपर्यंत जातो. तीव्र असेल तर मध्येच थांबतो, पत्र्यापासून सुटतो आणि मागे भोवऱ्यांची पोकळी तयार होते. त्या पोकळीतला दाब कमीच राहतो आणि तो मोटारीला सतत मागे ओढत राहतो. मोटारीला हवेचा जो विरोध होतो, त्याचा मोठा वाटा म्हणजे ही मागची ओढ. छताचा उतार साधारण दहा-बारा अंशांच्या आत ठेवला तर हवा चिकटून राहते. म्हणून या मोटारींचे छत चालकाच्या डोक्यावरून सुरू होऊन थेट मागच्या बंपरपर्यंत एकाच लांब, संथ उताराने खाली येते. या मोटारी शेपटीने जिंकल्या, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

हे ज्ञान आले विमानांच्या आणि हवाई जहाजांच्या कारखान्यांतून. पॉल याराय हा व्हिएन्नात जन्मलेला अभियंता जर्मनीत फ्रीडरिक्सहाफेन इथे झेपेलिन कंपनीत काम करत होता. तिथे विंड टनेल, म्हणजे नमुन्यावर वारा सोडून त्याचा विरोध मोजायचा बोगदा, होता. हवाई जहाजांचे आकार तपासता तपासता त्याने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारीच्या आकाराचे पेटंट मागितले. त्याच्या नमुन्यांच्या चाचण्यांत रोधगुणांक नेहमीच्या मोटारीच्या निम्म्याहून खाली आला. याच फ्रीडरिक्सहाफेनमध्ये झेपेलिनसाठी इंजिने करणारी मेबॅक कंपनी होती. दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींच्या घराण्याची जी मेबॅक मोटार येते, ती पाहायला निपाणीहून चाळीस किलोमीटर जाणारी माणसे आपल्याकडे आहेत. ती मोटार १९३०च्या दशकातली. उंच रेडिएटर, मोठाले सुटे दिवे, रुंद मडगार्डे, असा तिचा थाट आहे आणि मिरवणुकीला तो शोभतोही. पण तिचे इंजिन ज्या गावात घडले, त्याच गावात तिच्या अंगाची सगळी चूक यारायने आधीच मोजून ठेवली होती, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. ज्ञान एकाच गावात असूनही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना पटेपर्यंत ते पत्र्यावर उतरत नाही.

यारायची रचना दोन अंगांची होती. खालचे अंग रुंद, आडव्या विमानपंखासारखे गोलसर, चाकांना पोटात घेणारे. त्यावर बसवलेली बसण्याची खोली अरुंद आणि मागे निमुळती. हीच कल्पना पुढे शर्यतीत उतरली. जर्मनीच्या अॅडलर कंपनीने जेमतेम १.७ लीटरच्या, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारीवर यारायच्या पद्धतीचे बंद अंग बसवून १९३७ आणि १९३८ साली ती ल माँला उतरवली आणि तिने तीन-चार लीटरच्या मोटारींच्या पंगतीत जागा मिळवली. पोर्शे यांच्या कार्यालयाने याच मार्गावर आणखी पुढचे पाऊल टाकले. १९३९च्या सप्टेंबरात बर्लिन ते रोम अशी सुमारे दीड हजार किलोमीटरची शर्यत ठरली होती. तिच्यासाठी त्यांनी लोकांच्या स्वस्त मोटारीच्या, म्हणजे पुढे बीटल म्हणून जगभर गेलेल्या गाडीच्या यंत्रावर टाइप ६४ नावाच्या तीन कूपे बांधल्या. इंजिन अवघे चाळीसच्या आतबाहेर अश्वशक्तीचे, वेग मात्र ताशी १४० च्या पुढे. साध्या बीटलला शंभर गाठताना दम लागे. या कूपेची खोली इतकी अरुंद केली होती की चालक आणि सोबती खांद्याला खांदा लावून बसू शकत नव्हते, म्हणून सोबत्याची बैठक थोडी मागे सरकवली होती. चाकेसुद्धा झाकलेली, पंक्चर झाले तर आधी झाकण काढायचे. १ सप्टेंबरला युद्ध सुरू झाले आणि ती शर्यत कधीच झाली नाही. त्या तिघींपैकी एक ऑस्ट्रियाच्या ओटो माटे याने १९४९ साली घेतली आणि उजवा हात निकामी असतानाही तो ती शर्यतीत चालवत राहिला.

छत बंद का करायचे, हा प्रश्न आज विचित्र वाटेल, पण तेव्हा शर्यतीची मोटार म्हणजे उघडी, हे ठरलेलेच होते. बंद मोटार म्हणजे जास्त पत्रा, जास्त वजन, जास्त उष्मा. शिवाय चालकाला बाहेरचे चाक डोळ्यांनी दिसले पाहिजे, ही जुनी सवय. पण उघड्या मोटारीत बॉनेटवरून नीट सरकत आलेली हवा काचेवर आपटते, वर उडते आणि बसण्याच्या खड्ड्यात, चालकाच्या डोक्यामागे भोवरे करत कोसळते. त्यानंतर शेपूट कितीही सुंदर केली तरी तिच्यापर्यंत पोचणारी हवा आधीच विस्कटलेली असते. अपवाद आहेत. बुगाटीची ५७ जी ही 'टँक' नावाने ओळखली गेलेली मोटार वरून उघडी होती, पण चाके, दिवे, रेडिएटर सगळे एका अंगात झाकलेले, आणि तिने १९३७ साली ल माँ जिंकली. १९३९ साली तिच्याच घराण्यातल्या मोटारीने ती पुन्हा जिंकली. म्हणजे उघडेपणाने सगळे बिघडते असे नाही, पण तळापासून शेपटीपर्यंत बाकीचे अंग फार काटेकोर असावे लागते.

वजनाचा प्रश्न सोडवला मिलानच्या तूरिंग या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याने, फेलिचे बियांकी अँडरलोनी यांच्या देखरेखीखाली. त्यांच्या पद्धतीचे नाव सुपरलेजेरा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा पत्र्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला ती लगेच कळेल. आधी लाकडाचा पूर्ण आकाराचा साचा. चॅसीवर बोटभर जाडीच्या पोलादी नळ्या वाकवून, जोडून मोटारीच्या आकाराचा हलका पिंजरा. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा हातोडीने ठोकून, साच्यावर पुन्हा पुन्हा बसवून पाहून त्याला दुहेरी बाक द्यायचा. मग तो पिंजऱ्यावर चढवायचा. पण पत्रा नळीला थेट टेकवायचा नाही. मध्ये कापडाचा किंवा नमद्याचा थर. कारण पोलाद आणि अॅल्युमिनियम ओलसर हवेत एकमेकांना चिकटून राहिले तर अॅल्युमिनियम गंजून खाल्ले जाते, आणि धातूवर धातू घासला की कर्कश आवाजही येतो. पिंजरा भार घेतो आणि पत्रा फक्त हवेला वळण देतो. कामाची अशी वाटणी केल्यामुळे पत्रा अतिशय पातळ ठेवता येतो. बीएमडब्ल्यूची विजेती कूपे तूरिंगनेच बांधली होती आणि तिचे वजन ८०० किलोच्या आतच राहिले.

दुहेरी बाक हा शब्द नजरेआड होऊ देऊ नये. एकाच दिशेने वाकवलेला पत्रा कोणीही करेल. दोन्ही दिशांनी फुगलेला पत्रा करायचा तर धातू मधोमध ताणावा लागतो आणि कडेला आवळावा लागतो. तसा पत्रा आपल्या आकारामुळेच ताठ उभा राहतो, त्याला आतून पट्ट्या मारायची गरज कमी पडते. हवेला हवा असलेला आकार आणि हलकेपणाला हवा असलेला आकार इथे एकच निघाला, हे या कारागिरांचे भाग्य. त्यांच्या हातोडीचा मान मी विंड टनेलमधल्या अभियंत्यांच्या बरोबरीने मानतो. कागदावरची वळणरेषा त्यांनीच खरी केली.

आकाराची किंमतही मोजावी लागे. इंजिनाला गार ठेवायला हवा लागते, पण रेडिएटरमधून गेलेली हवा आतल्या यंत्रांवर धडपडत बाहेर पडली तर ती स्वतःच मोठा अडथळा होते. म्हणून पुढचे तोंड जरुरीपुरतेच लहान ठेवायचे आणि तापलेली हवा जिथे बाहेर दाब कमी आहे तिथून, म्हणजे बॉनेटच्या बाजूने किंवा तळाखालून, खेचून काढायची. त्याचा अंदाज चुकला की इंजिन तापे किंवा ती गरम हवा सरळ चालकाच्या खोलीत शिरे. तळालाही झाकण लागते, कारण खालून पाहिले तर मोटार म्हणजे नळ्या, दांडे आणि पेट्यांचा बाजार असतो. पण तळ झाकला की तेल, गिअरबॉक्स, ब्रेक यांची उष्णता अडकते. बंद खोलीत पेट्रोलचा वास, इंजिनाचा आवाज, पावसात आतून धुके धरणारी काच आणि मागच्या लांब उतारावरच्या चिंचोळ्या खिडकीतून जवळजवळ काहीच न दिसणारा रस्ता. एवढे सगळे सोसून दोघे चालक चोवीस तास आळीपाळीने बसत.

१९३८ची ल माँची शर्यत या मोटारींच्या ताकदीची आणि मर्यादेचीही साक्ष आहे. अल्फा रोमियोने आपल्या ८सी २९०० बी या मोटारीवर तूरिंगकडून एकच बंद, प्रवाही कूपे बांधून घेतली. रेमों सोमेर आणि क्लेमेंते बिऑन्देत्ती या चालकांनी तिला शंभर मैलांच्या आसपास आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी टायर फुटला, त्याच्या तुकड्यांनी अंगाची नासधूस झाली, मोटार कशीबशी पुन्हा रस्त्यावर आली आणि थोड्याच वेळात इंजिनाच्या व्हॉल्व्हने दगा दिला. जिंकली ती तिच्यापेक्षा हळू, साधी दलाए. अंग वेग देते, पण त्या वेगाने तापणारा टायर मात्र त्याच काळचा, कापसाच्या धाग्यांवर रबर चढवलेला होता. मोटारीचा एक भाग दहा वर्षे पुढे गेला आणि बाकीचे भाग मागे राहिले की असे होते.

दुसरी मर्यादा जास्त भयंकर. पावसाळ्यात हत्तरगीच्या पुढे उघड्या माळावर पश्चिमेचा वारा आडवा लागला की मोटार एका बाजूला ओढते, हा या रस्त्यावरच्या प्रत्येक चालकाचा अनुभव आहे. मागे निमुळत्या झालेल्या अंगावर हा परिणाम अधिक होतो. शेपटीला आडवे क्षेत्रफळ थोडे असल्याने आडव्या वाऱ्याचा जोर मोटारीच्या पुढच्या भागावर पडतो आणि तो तिचे तोंड वाऱ्याच्या दिशेने आणखी फिरवतो. शिवाय वरून फुगलेले आणि खालून सपाट असे अंग विमानाच्या पंखाचेच काम करते. वेग वाढला की चाकांवरचा भार कमी होतो. २८ जानेवारी १९३८ रोजी फ्रँकफर्ट ते डार्मश्टाट रस्त्यावर ताशी चारशे किलोमीटरहून अधिक वेगात विक्रम करण्याच्या प्रयत्नात बेर्न्ड रोझेमायर हा नामवंत चालक ठार झाला. त्याची ऑटो युनियन ही मोटार लांब शर्यतीची कूपे नव्हती, विक्रमासाठी बांधलेली होती, पण आडव्या वाऱ्यापुढे तशा अंगाचे काय होते ते तिथे दिसले.

शेपटीचा प्रश्न सर्वांत चांगला सोडवला स्टुटगार्टच्या वुनिबाल्ड काम यांनी. दहा-बारा अंशांचा उतार शेवटपर्यंत पाळायचा तर शेपूट फार लांब होते. वजन वाढते, वळताना त्रास होतो आणि तिच्या टोकाला कोणी बसूही शकत नाही. काम यांनी दाखवले की सौम्य उताराने अंगाचा आडवा छेद निम्म्यावर आणा आणि मग शेपूट सरळ कापून टाका. कापलेल्या जागी भोवरे होतात, पण ती जागाच लहान असल्याने ओढही लहान राहते. पूर्ण शेपटीचा बहुतेक फायदा निम्म्या लांबीत मिळतो. याच विचाराने बीएमडब्ल्यूने १९४०च्या शर्यतीसाठी आणखी एक बंद मोटार बांधली होती. ती विजेत्या कूपेपेक्षाही वेगवान होती, सुमारे २३० पर्यंत जाई, पण शर्यत पुरी करू शकली नाही. म्हणून नाव तूरिंगच्या कूपेचे झाले. माझ्या मते भविष्य मात्र काम यांच्या मोटारीत होते. आज आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या अनेक मोटारींची मागची बाजू उंच आणि तुटक दिसते, तिचे मूळ तिथे आहे.

या सगळ्या मोटारींत मला सर्वांत जवळची वाटते ती एक बेंटली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या एम्बिरिकोस नावाच्या ग्रीक शौकिनासाठी १९३८ साली झॉर्झ पॉलँ यांनी तिचे अंग रेखाटले आणि पुर्तू यांच्या कारखान्याने ते बांधले. ऐषारामी, जड सव्वाचार लीटरची मोटार, पण त्या अंगामुळे १९३९ साली इंग्लंडच्या ब्रुकलँड्स मार्गावर जॉर्ज आयस्टन यांनी तिच्यात बसून एका तासात ११४ मैलांहून अधिक अंतर कापले. युद्धानंतर दहा वर्षांची म्हातारी झालेली हीच मोटार १९४९ साली ल माँला सहावी आली आणि पुढची दोन वर्षेही तिथे धावली. पॉलँ हे पाहायला उरले नव्हते. व्यवसायाने दंतवैद्य असलेला हा कलावंत फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना प्रतिकाराच्या कामात होता आणि १९४२ साली जर्मनांनी त्याला गोळ्या घालून मारले. दुसरीकडे १९४० चा विजेता हानस्टाइन हिटलरच्या एसएस संघटनेच्या खुणा अंगावर मिरवत शर्यतीत उतरला होता, आणि बर्लिन-रोम शर्यत तर दोन हुकूमशहांच्या दोस्तीचा देखावा म्हणूनच आखली होती. हे सांगितल्याशिवाय त्या मोटारींचे सौंदर्य सांगणे मला योग्य वाटत नाही.

आता आपल्याकडे. निपाणीतून तंबाखूची पोती, बेळगावातून भाजी आणि ओतकाम भरून जे ट्रक या महामार्गावर रात्रंदिवस धावतात, त्यांची पाठ सपाट भिंतीची असते, केबिन आणि माल यांच्यामध्ये हवा कोंडणारी मोकळी फट असते आणि सैल ताडपत्री वाऱ्यावर फडफडत असते. ते दोनशेच्या वेगाने जात नाहीत हे खरे, पण त्यांचा चेहरा कूपेच्या पाच-सहापट असतो आणि त्यांना वर्षातले तीनशे दिवस धावायचे असते. डिझेलचा मोठा हिस्सा या हवेवर जळतो. हत्तरगीला एकस कंपनीच्या औद्योगिक वसाहतीत विमानांचे भाग घडतात, उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकामाची परंपरा आहे, विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालयच बेळगावात आहे. हात आणि डोके दोन्ही इथे हजर असताना ट्रकची बॉडी बांधणाऱ्याकडे हा हिशेब पोचत नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

त्यासाठी विंड टनेलही लागत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या ट्रकमालकाला राजी करावे. केबिनच्या टपावर, मालाच्या बाजूंवर आणि मागच्या फळ्यांवर वीतभर लोकरीचे धागे चिकटपट्टीने हातभर अंतरावर लावावेत. मग मोकळ्या रस्त्यावर ट्रक ठरल्या वेगाने चालवून शेजारच्या मोटारीत मागे बसलेल्याने त्याचे चित्रण करावे. जिथे धागे सरळ मागे ताणलेले राहतात तिथे हवा पत्र्याला चिकटून आहे. जिथे ते थरथरतात, उलटे फिरतात, तिथे हवा सुटली आहे आणि तिथेच डिझेल जळते आहे. मग केबिनवर गोलसर टोपण, मधल्या फटीला बाजूचे पडदे, घट्ट आवळलेली ताडपत्री, असे एकेक बदल करून धागे पुन्हा पाहावेत आणि प्रत्येक बदलानंतर निपाणी-बेळगाव फेरीचे डिझेल मोजून लिहून ठेवावे. ज्यांच्याकडे ट्रक आहे आणि ज्यांच्या घरात अभियांत्रिकी शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी हे या हिवाळ्यातच करून पाहावे.